पिकअपचा डिझेल फिल्टर घरी बदलताना: कचरा आत जाऊ देऊ नका, पंप कोरडा फिरवू नका

डिझेल फिल्टर बदलणं हे तासाभराच्या आतलं काम आहे. चार-पाच पाने, चिंध्या, एक रिकामी बाटली आणि स्वच्छ हात एवढ्यावर ते होतं. पण हेच काम घाईने केलं तर फिल्टरच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च पंप आणि इंजेक्टरवर (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागावर) करावा लागतो. सांभाळायच्या गोष्टी दोनच आहेत. फिल्टरमधून गाळून पुढे जाणाऱ्या बाजूला कणभरही कचरा जाता कामा नये, आणि हाय प्रेशर पंप डिझेलशिवाय फिरता कामा नये. बाकी सगळं नट-बोल्टचं काम.

ही रीत कॉमन रेल डिझेल इंजिनच्या, म्हणजे हाय प्रेशर पंपाने दाबलेलं डिझेल 'रेल' नावाच्या एकाच जाड नळीतून सगळ्या इंजेक्टरना देणाऱ्या इंजिनच्या पिकअपसाठी आहे: महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इसुझू डी-मॅक्स या प्रकारच्या गाड्या. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच करून घ्या. उद्या पंपाचा क्लेम करायची वेळ आली, तर घरी बदललेला फिल्टर हे क्लेम नाकारायला आयतं कारण होतं.

फिल्टरला एवढं जपायचं कशासाठी

इंजिन नुसतं आयडलिंगला चालू असतानाही रेलमधला दाब साधारण २५० ते ३०० बार असतो. भरल्या गाडीने चढ चढताना तो १,६०० बारच्या घरात जातो, काही इंजिनांत त्याहून वर. हा दाब धरून ठेवण्यासाठी पंप आणि इंजेक्टरमधल्या हलत्या भागांत जेमतेम एक ते तीन मायक्रॉनची फट ठेवलेली असते. माणसाचा केस ६०-७० मायक्रॉन जाड असतो, यावरून ही फट किती बारीक ते कळेल. डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कण तिथे घासकागदाचं काम करतो. पाण्याचा त्रास आणखी वेगळा. पाण्यात डिझेलचा वंगणपणा नसतो, ते पोलादाला गंज आणतं, आणि तापलेल्या नोझलच्या टोकाशी त्याची एकदम वाफ झाली तर टोक फुटूही शकतं.

हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यातून वाहणारं डिझेल हेच त्याचं वंगण. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ (भारत स्टेज ६, प्रदूषण नियमांचा टप्पा) डिझेल आलं आणि गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत दहा भागांवर) आली. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा मूळचा वंगणपणाही कमी होतो, म्हणून त्यात वेगळं रसायन मिसळून तो भरून काढतात. तेव्हा पाणी आणि कचऱ्याच्या बाबतीत ढिलाई परवडत नाही.

बदलायची वेळ

किलोमीटरचा आकडा गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतो, तोच धरायचा. एकाच नावाच्या पिकअपमध्येही बीएस ३, बीएस ४ आणि बीएस ६ च्या इंजिनांचे आकडे वेगळे असतात. खडी-मुरूम वाहणारी गाडी, ऊस हंगामात दिवसरात्र पळणारी गाडी आणि पिंपातलं डिझेल भरणारी गाडी यांनी मात्र त्या आकड्याची वाट पाहू नये. निम्म्या अंतरावर बदलला तरी तो खर्च वाया जात नाही.

फिल्टर चोक झाल्याची खूण चढावर कळते. सपाट रस्त्याला गाडी नीट चालते, पण माल भरून खंबाटकी किंवा कसारा चढायला लागली की दम सोडते, धक्के मारते, आणि चेक लाइट लागून ताकद कमी होते. कारण सरळ आहे: पूर्ण लोडवर इंजिनाला सर्वांत जास्त डिझेल लागतं, आणि नेमकं तेवढं चोक झालेला फिल्टर सोडत नाही. टर्बोची नळी फुटली किंवा एअर फिल्टर भरला तरी दम जातो, पण तेव्हा हवा कमी आणि डिझेल जास्त झाल्याने काळा धूर निघतो. डिझेल फिल्टर चोक असेल तर मुळात डिझेलच कमी पोचतं, त्यामुळे सहसा काळा धूर नसतो. दम नाही आणि धूरही नाही, तर आधी डिझेल फिल्टरकडे बघा.

नवा फिल्टर आणि बाकीचं सामान

दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगू नका. चासी नंबर, किंवा जुन्या फिल्टरवरचा पार्ट नंबर द्या. वरून सारखे दिसणारे दोन फिल्टर आतून वेगळे असतात: एक पाच मायक्रॉनचा, दुसरा त्याहून जाड कण सोडणारा. दोघांचे आटे जुळतात, बसतातही नीट, आणि चुकीचा बसवला हे वर्षभराने इंजेक्टरवरून कळतं.

नकली फिल्टर बाजारात भरपूर आहेत. खोक्यावर बॅच नंबर आणि छापील किंमत आहे का, भोकांवर टोपणं किंवा सील आहे का, रबरी गॅस्केट आपल्या खाचेत एकसारखं बसलंय का, आट्यांत धातूचा चुरा आहे का, हे दुकानातच तपासा. आत डोकावल्यावर कागदाच्या घड्या वाकड्या-तिकड्या किंवा गोंद पसरलेला दिसला तर तो फिल्टर घेऊ नका. दर थोडा जास्त पडला तरी कंपनीचा किंवा गाडीला मुळात फिल्टर पुरवणाऱ्या नावाजलेल्या ब्रँडचाच घ्या.

फिल्टरसोबत ब्लीडिंग स्क्रूचे (हवा बाहेर काढायच्या स्क्रूचे) तांब्याचे वॉशर, फिल्टरच्या तळाशी साठलेलं पाणी ओळखणाऱ्या सेन्सरची ओ-रिंग आणि नळ्यांच्या दोन-तीन नव्या क्लिपा घ्या. या वस्तू किरकोळ किमतीच्या असतात, पण फिल्टर बदलल्यानंतर गाडीने एअर घेण्याचं (डिझेलच्या वाटेत हवा शिरण्याचं) कारण बहुतेक वेळा यांच्यातलंच एखादं जुनं वॉशर किंवा ओ-रिंग असतं.

अवजारं: दहा ते एकोणीस नंबरपर्यंतचे रिंग पाने, पट्टी पाना किंवा चेन पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, नायट्राइलचे हातमोजे, लिटरभराची पारदर्शक बाटली, नरसाळं, पसरट भांडं आणि स्वच्छ सुती कापड. कापड सूत न सुटणारं हवं. टॉवेलचा तुकडा किंवा वेस्ट कॉटनचा गुंता फिल्टरच्या जागेजवळ आणू नका, त्याचे धागे थेट नळीत जातात.

सुरू करण्याआधी

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक लावून, पहिल्या गिअरमध्ये उभी करा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. दाब उतरायलाही वेळ लागतो, निदान अर्धा तास द्या. रेल आणि इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांना या कामात हात लावायचा नाही. इंजिन चालू असताना त्यातून निघालेली बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही, पण आतलं मांस सडू लागतं. असं झालं तर घरी मलम लावत न बसता ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जायचं आणि "दाबाखालचं डिझेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगायचं.

डिझेल पेटत नाही असा समज आहे, तो आपल्याकडच्या उन्हाळ्यात तरी सोडून द्या. भारतीय मानकानुसार गाड्यांच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो) किमान ३५ अंश सेल्सियस असला तरी चालतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात नुसतं सावलीतलं तापमान त्याच्या वर जातं. म्हणजे सांडलेल्या डिझेलची वाफ ठिणगीने पेटू शकते. सकाळी गारव्यात काम करा, विडी-सिगारेट लांब ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आणि वाळूची बादली किंवा पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. डिझेलच्या आगीवर पाणी मारायचं नाही, आग पसरते.

मग बॉनेट उघडून फिल्टरभोवतीची जागा आधी धुऊन-पुसून घ्या. पाण्याचा फवारा नको. ब्रशने धूळ झाडा, थोड्या डिझेलने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवलेल्या कापडाने फिल्टर, त्याचं हेड (फिल्टर ज्याला बसतो तो वरचा भाग) आणि नळ्यांचे सांधे पुसा. कॉम्प्रेसर असेल तर हवा मारा, पण सगळ्या नळ्या बंद असतानाच. एकदा नळी सुटली की झाडणं-फुंकणं बंद. हे पुसण्याचं काम कंटाळवाणं असलं तरी सगळ्या कामातली खरी काळजी इथेच घ्यायची असते.

फिल्टरच्या खाली काय येतं तेही पाहा. अल्टरनेटर, सेल्फ, फॅन बेल्ट किंवा रेडिएटरची रबरी नळी असेल तर त्यांवर प्लास्टिक पसरा. डिझेलने रबर फुगतं आणि बेल्ट सरकायला लागतो.

जुना काढणे

आधी फिल्टरचा प्रकार ओळखा. पत्र्याचा डबा हेडला आट्यांवर फिरवून बसवलेला असेल तर तो डबा फिल्टर. हेडखाली बाऊल असून आतला कागदी एलिमेंट तेवढा बदलायचा असेल तर तो एलिमेंटवाला. आणि पूर्ण बंद डबा, वर प्लास्टिकच्या दोन-तीन तोट्या आणि त्यांना टचकन बसणाऱ्या नळ्या असतील तर तो सीलबंद.

तिन्हींत सुरुवात सारखीच. मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. सुटणाऱ्या प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून "टाकीकडून", "पंपाकडे", "रिटर्न" (जादा डिझेल टाकीकडे परत नेणारी) असं लिहा. खालच्या पाण्याच्या सेन्सरचा आणि वर हीटर असल्यास त्याचा कनेक्टर काढा. कुलपाची जीभ दाबून कनेक्टर धरून ओढा, वायर धरून नाही. मग खालचा ड्रेन स्क्रू ढिला करून डिझेल पारदर्शक बाटलीत उतरवा. थेंबही येत नसेल तर वरचा ब्लीडिंग स्क्रू एक-दीड आटा ढिला करा. वरून हवा आत शिरल्याशिवाय खालून डिझेल उतरत नाही. साधारण पाव ते अर्धा लिटर निघतं. ती बाटली बाजूला ठेवा, ती नंतर बघायची आहे.

डबा फिल्टर पट्टी पान्याने हेडच्या शक्य तितका जवळ धरून डावीकडे फिरवा. मध्ये धरला तर पत्रा दबतो आणि मग पकडच मिळत नाही. स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायची जुनी पद्धत इथे नको, पत्र्याचे तुकडे आणि गंज हेडवर पडतात. डबा उतरल्यावर जुनं गॅस्केट डब्यासोबत आलं का ते बोट फिरवून पाहा. ते हेडला चिकटून राहिलं आणि त्यावर नवं बसलं, तर दोन गॅस्केट एकमेकांवर घसरतात आणि लिकेज ठरलेलंच.

एलिमेंटवाल्यात मधला बोल्ट किंवा खालचा बाऊल काढून एलिमेंट उचला. बाऊलच्या तळाचा गाळ स्वच्छ डिझेलने धुवा आणि जुन्या सगळ्या ओ-रिंगा बदला. कोणती रिंग कुठल्या खाचेत होती ते उतरवतानाच बघून ठेवा.

सीलबंद फिल्टरच्या नळ्या काढताना घाईने तोट्या मोडतात. नळी आधी आत दाबायची, मग दोन्ही बाजूंच्या कळा दाबून धरायच्या, आणि मग सरळ बाहेर ओढायची. धुळीने कळ अडकली असेल तर ब्रेक क्लीनर मारून थांबा. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. तुटलेल्या नळीचा सांधा सुटा मिळेलच असं नाही, पूर्ण नळी घ्यावी लागते. सुटलेल्या नळ्यांची तोंडं लगेच स्वच्छ प्लास्टिक पिशवी आणि रबर बँडने बंद करा.

नवा बसवणे

पाण्याचा सेन्सर जुन्या फिल्टरमधून नव्यात घ्यायचा असेल, तर नवी ओ-रिंग डिझेलने ओली करून घाला आणि हाताने घट्ट बसवा. सेन्सरचे आटे प्लास्टिकचे असतात, पाना लावून आवळला की चिरतो.

आता सर्वांत वादाचा मुद्दा: नवा फिल्टर डिझेलने भरून बसवायचा की कोरडा? जुन्या गाड्यांवर शिकलेले बरेच मिस्त्री भरून बसवतात, कारण त्याने एअर लवकर निघते. कॉमन रेलसाठी ही सवय घातक आहे. डबा फिल्टरमध्ये डिझेल सहसा कडेच्या छोट्या भोकांतून आत येतं, कागदातून गाळून मधल्या मोठ्या भोकाने पंपाकडे जातं. मधल्या भोकात वरून ओतलेलं डिझेल न गाळताच पंपात पोचतं, मग कॅन कितीही स्वच्छ वाटो. गाडीला हँड पंप (हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप) किंवा टाकीतला इलेक्ट्रिक पंप असेल तर फिल्टर कोरडाच बसवा, पंप तो भरून देतो. दोन्ही नसतील आणि भरण्यावाचून गत्यंतर नसेल, तर मधलं भोक टोपणाने बंद ठेवून फक्त कडेच्या भोकांतून, पेट्रोल पंपावरून ताजं आणलेलं डिझेल हळूहळू ओता. जुन्या फिल्टरमधून निघालेलं डिझेल तर कधीच नाही.

हेडची बसायची जागा कापडाने पुसा, गॅस्केटला बोटाने डिझेलचा हात लावा. ग्रीस नको, त्याला धूळ चिकटते. डबा हाताने फिरवत न्या. गॅस्केट हेडला टेकलं की तिथून अर्धा ते पाऊण फेरा हातानेच आवळा. फिल्टरवर वेगळं छापलं असेल तर ते ऐका. पान्याने करकचून आवळलेला फिल्टर गळायचा थांबत नाही, उलट गॅस्केट चेपून गळतो, आणि पुढच्या वेळी निघतही नाही. सीलबंद प्रकारात नळ्या "टक" आवाज येईपर्यंत दाबा आणि मग उलटं ओढून खात्री करा. डब्यावर बाण असेल तर तो टाकीकडून पंपाकडे हवा.

चासीच्या बाजूला टाकीजवळ पारदर्शक छोटा जाळीचा फिल्टर किंवा पाण्याचा सेपरेटर असेल तर तोही आजच बदला किंवा साफ करा. मोठा फिल्टर नवा आणि मागची जाळी चोक, असं झालं की गाडी होती तशीच दम सोडत राहते.

एअर काढणे

हे काम निवांत करा. नवा फिल्टर हवेने भरलेला आहे, ती हवा पंपात जाण्याआधी बाहेर काढायची आहे. सेल्फ मारून मारून गाडी चालू करण्यात पंप कोरडा फिरतो, घासतो, आणि घासून निघालेला धातूचा चुरा रेलमधून चारही इंजेक्टरपर्यंत जातो. मग नुसता पंप बदलून भागत नाही.

हँड पंप असलेल्या गाडीत हेडवरचा ब्लीडिंग स्क्रू एक-दीड आटा ढिला करा आणि त्याखाली कापड धरा. हँड पंप पूर्ण दाबा, पूर्ण वर येऊ द्या. सुरुवातीला तो पोकळ लागतो, मग स्क्रूजवळ फेस येतो, मग बुडबुडे मिसळलेलं डिझेल. बुडबुडे पूर्ण थांबून एकसंध धार येईपर्यंत मारत राहा. पन्नास, शंभर वेळा दाबावं लागलं तरी त्यात वावगं काही नाही. धार एकसंध झाली की पंप दाबून धरलेल्या स्थितीतच स्क्रू आवळा. पंप सोडून आवळलात तर शेवटच्या क्षणी हवा परत आत ओढली जाते. तांब्याचा वॉशर नवा घाला आणि मनगटाच्या जोरानेच आवळा, कारण हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि त्याचे आटे चटकन जातात. त्यानंतर पंप कडक होईपर्यंत आणखी दहा-पंधरा वेळा दाबा.

टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत बॅटरी जोडून चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. टाकीकडून गुणगुण ऐकू येईल. ती थांबली की चावी ऑफ, पुन्हा ऑन, असं सहा-सात वेळा करा.

मग बॅटरी जोडलेली असल्याची खात्री करून, क्लच दाबून सेल्फ मारा, पण एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. चालू नाही झाली तर मिनिटभर थांबा, हँड पंप पुन्हा मारा, मग दुसरा प्रयत्न. तीनदा करूनही चालू होत नसेल तर सेल्फ थांबवा आणि लिकेज शोधा.

इंजेक्टरचे नट ढिले करून सेल्फ मारायची आणि तिथून हवा काढायची पद्धत जुन्या इनलाइन किंवा रोटरी पंपाच्या गाड्यांची आहे. तिथे ती योग्यच होती. कॉमन रेलमध्ये ती करू नका. दाब धोकादायक आहे, आणि रेलमध्ये उरलेली थोडी हवा इंजिन चालू झाल्यावर इंजेक्टर आणि रिटर्नमधून आपोआप निघून जाते.

चालू झाल्यावर चार-पाच मिनिटं आयडलिंगलाच ठेवा, ॲक्सिलरेटर देऊ नका. थोडं मिसिंग (इंजिन अडखळणं), थोडा पांढरा धूर पहिल्या मिनिटात चालतो.

लिकेज: दिसणारं आणि न दिसणारं

कोरडा कागद फिल्टरच्या गॅस्केटभोवती, ड्रेन स्क्रूखाली आणि प्रत्येक नळीच्या सांध्यावर टेकवून बघा. पाच-दहा किलोमीटर चालवून आणून पुन्हा बघा.

पण कोरडं दिसलं म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. ज्या गाड्यांत टाकीत इलेक्ट्रिक पंप नसतो, तिथे इंजिनावरचा पंप डिझेल ओढून घेतो, आणि फिल्टर त्या ओढीच्या वाटेवर असतो. तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे सांधा ढिला असला तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. ओला डाग कुठेच नाही, आणि गाडी मात्र सकाळी चालू होताना त्रास देते, कारण रात्रभरात हवा शिरून नळीतलं डिझेल टाकीकडे उतरलेलं असतं. हे ओळखायचा उपाय म्हणजे फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये डिझेलला चालणारी पारदर्शक नळी तात्पुरती जोडून इंजिन चालू असताना बघणं. बुडबुड्यांची माळ दिसली की सांधा शोधा: आधी ब्लीडिंग स्क्रूचा वॉशर, मग सेन्सरची ओ-रिंग, मग क्लिपा, शेवटी फिल्टरचं गॅस्केट. या क्रमाने गेलं तर बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच सापडतं.

गाडी चालू होऊन अर्ध्या मिनिटात बंद पडते, तर हवा शिल्लक आहे, किंवा नळ्या उलट्या लागल्या आहेत, किंवा नव्या फिल्टरच्या तोटीवरचं टोपण काढायचं राहून गेलंय. पाण्याचा दिवा लागलेलाच राहतो, तर सेन्सरचा कनेक्टर नीट बसलेला नाही. चेक लाइट लागला आणि गाडी बाकी नीट चालते, तर एअर काढताना गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये कमी दाबाचा कोड (बिघाडाची नोंद) साठला असेल. काही वेळा बंद-चालू केल्यावर तो दिवा जातो, नाहीतर स्कॅनरने कोड काढून घ्या. फिल्टर नवा, हवा नाही, तरी चढावर दम नाहीच, तर टाकीतली जाळी उघडायला हवी.

बाटलीत काय निघालं

बाजूला ठेवलेली बाटली वीस-पंचवीस मिनिटं हलवू नका. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी वेगळं दिसतं. थोडंसं पाणी निघणं नेहमीचं आहे, फिल्टरचं कामच ते आहे. बोटभर पाणी असेल तर टाकीत याहून जास्त आहे असं समजा आणि टाकी खाली करून साफ करा.

काळपट बुळबुळीत साय दिसली तर ते जंतू आहेत. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरात ते वाढतात. भारतीय मानकात डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं, आणि बायोडिझेल ओलावा जास्त धरतं, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे जास्त दिसतं. लालसर गाळ म्हणजे टाकीचा किंवा पिंपाचा गंज. सोनेरी-चंदेरी चमक दिसली तर मात्र गाडी चालवू नका. पंप घासून निघालेला धातू रिटर्नच्या वाटेने टाकीत आणि तिथून फिल्टरमध्ये येतो. गाडी इंजिनाचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे ओढून न्या.

नवा फिल्टर हजार-दोन हजार किलोमीटरमध्येच चोक झाला तर तिसरा बसवू नका, आधी टाकी आणि डिझेल कुठून येतं ते पाहा. शेतावर पिंपात साठवत असाल तर पिंप किंचित तिरपं, झाकण पावसापासून आडोशाला आणि ओढायची नळी तळापासून चार बोटं वर ठेवा. तळाचं शेवटचं डिझेल ट्रॅक्टरला किंवा पिकअपला घालू नका. पेट्रोल पंपावर टँकर खाली होत असेल तर तेव्हा डिझेल भरू नका, तिथल्या टाकीच्या तळाचं सगळं ढवळून वर आलेलं असतं. आणि रात्री उभी राहणारी गाडी अर्ध्याच्या वर भरलेली ठेवली तर टाकीच्या रिकाम्या भागात ओलावा कमी जमतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दर महिन्याला ड्रेन स्क्रूमधून फुलपात्रभर डिझेल काढून बघावं, आणि स्क्रू आवळल्यावर हँड पंप मारून घ्यावा.

काढलेलं डिझेल परत टाकीत जात नाही, गटारात किंवा विहिरीच्या काठी तर नाहीच. झाकणबंद कॅनमध्ये साठवून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजच्या पिंपात द्या. जुना फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळू द्या, मग तोही त्यांनाच द्या. नव्या फिल्टरवर पक्क्या मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा, आणि उरलेली जुनी ओ-रिंग व वॉशर लगेच टाकून द्या, नाहीतर पुढच्या वेळी तेच नवे म्हणून बसतात.